सपाट छपरांचा मास्तर

शनिवार, ८ फेब्रुवारी. सकाळचे साडेदहा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचनालयाच्या छपराचा रिपोर्ट पसरला आहे. फोटो लावून झालेत, मोजमापांचा तक्ता झालाय, सोळा पानं भरलीत. फक्त सातवं पान कोरं आहे. त्याचा मथळा 'गळतीचं कारण'. सोमवारी सकाळी नऊला रिपोर्ट डोनाच्या हातात पडायला हवा.

डोना त्या वाचनालयाच्या समितीची अध्यक्ष. मिशिगनमधल्या ॲन आर्बरपासून पाऊण तासावर मक्याच्या शेतांमधलं एक लहानसं गाव, आणि त्या गावाच्या मानाने फार दिमाखदार असं हे काँक्रीटचं सपाट वाचनालय. ते डीटर ग्रोटहाउसने चोवीस वर्षांपूर्वी बांधलं. तो माझा प्रोफेसर. गेल्या नोव्हेंबरात एक्क्याण्णवाव्या वर्षी वारला. समितीपुढे प्रश्न साधा आहे. दोष मुळातल्या डिझाइनमध्येच असेल तर इमारत उन्हाळ्याआधी पाडायची. एका जागची चूक असेल तर ती दुरुस्त करून इमारत ठेवायची. म्हणजे इमारत राहते की जाते, ते माझ्या सातव्या पानावर आहे.

मी इमारती बांधत नाही. बांधलेल्या इमारती का गळतात ते शोधते. वीस वर्षं हेच करते. डोनाने फोनवर विचारलं होतं, "तुम्ही ग्रोटहाउसला ओळखत होतात?" मी म्हटलं, "त्याची विद्यार्थिनी होते." ती म्हणाली, "मग तर फारच छान." पुढचं मी तिला सांगितलं नाही, की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं त्याच्या ऑफिसातही होते. तिने विचारलं नव्हतं. आणि खोटं कशाला लिहू, मला ते काम हवं होतं. ती इमारत पडलेली मला बघायची होती.

मराठीत शिक्षकाबद्दल लिहिताना 'ते' लिहायची पद्धत आहे. मी 'तो' लिहिणार आहे. तो मेल्यावर त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ईमेलांचा पूर आला. कोणाला तो बापासारखा होता, कोणाला त्याने बघायला शिकवलं. मी एकाही ईमेलला उत्तर दिलं नाही. मला काय वाटतं ते उत्तर देण्यासारखं नव्हतं.

नागपूरहून मी आर्किटेक्चर शिकायला ॲन आर्बरला आले ती चोवीस वर्षांची. पहिल्या आठवड्यात आम्ही बारा जणांनी आपापली ड्रॉइंग भिंतीवर लावली. ग्रोटहाउस आत आला. सहा फुटांवर उंची, पांढरे आखूड केस, काळा स्वेटर, वरच्या खिशात लाकडी घडीची फूटपट्टी. सेंटिमीटरची. चाळीस वर्षं अमेरिकेत काढून या माणसाने इंच कधी मानला नाही. ड्रॉइंगकडे त्याने बघितलंच नाही. खिशातून ब्लेड काढलं आणि प्रत्येक कागदाचा उजवीकडचा खालचा कोपरा सरळ रेषेत कापून टाकला. ड्रॉइंग कोणी काढलं ते लिहायची चौकट त्या कोपऱ्यात असते. बारा कोपरे जमिनीवर पडले.

"आता बघू या," तो म्हणाला. "इमारतीला आडनाव नसतं."

बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. माझे बाबा पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होते. आमच्या घराण्यातली पहिली सरकारी नोकरी. त्यांनी आयुष्यभर मोऱ्या, लहान पूल आणि जिल्हा परिषदेच्या शाळा काढल्या. त्यांच्या नकाशांवर मोठ्या साहेबांच्या चार सह्या असायच्या आणि खाली चौकटीत, मुंगीएवढ्या अक्षरात, 'काढणार: मेश्राम'. एस.टी.तून जाताना एखादी मोरी आली की ते खिडकीतून बोट दाखवायचे. "ही माझी." बस. ती मोरी त्यांची का, तर कागदावर तसं लिहिलेलं होतं. मी जमिनीवरून माझा कोपरा उचलला आणि पाकिटात ठेवला. ग्रोटहाउसने ते बघितलं.

"नाव काय?" त्याने विचारलं.

"मेश्राम, सर."

"मला कुठल्या राणीने सर केलेलं नाही. ग्रोटहाउस म्हण."

त्या दिवसापासून तो मला मेश्राम म्हणायचा. चांगल्या दिवशीही आणि वाईट दिवशीही. चांगले दिवस बोटांवर मोजण्याइतके होते. त्याच्या स्वतःच्या ड्रॉइंगचे कोपरे मात्र शाबूत असत. तिथे जाड पेन्सिलीने 'ग्रो' असं लिहिलेलं असे. हे लक्षात यायला मला एक आठवडा लागला. विसरायला पंचवीस वर्षंही पुरली नाहीत.

त्याच्याबद्दल जे किस्से सांगितले जातात त्यांतले बरेचसे खरे आहेत. तो खोडरबर वापरू देत नसे. चुकीची रेघ दिसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. कंप्युटर आल्यावर त्याने ऑफिसात एक घेतला आणि त्यावर कुंडी ठेवली. दर डिसेंबरात तो सगळ्या विद्यार्थ्यांना घरी बोलवायचा आणि मसुराचं सूप वाढायचा. त्या सुपात मीठ आणि मसूर यांच्यापलीकडे काही नसे, आणि मीठही असल्यासारखं वाटत नसे. पहिल्या वर्षी मी पर्समधून तिखटाची डबी काढली. ग्रोटहाउसने चमचा खाली ठेवला.

"ते काय आहे?"

"तिखट. थोडं घालते."

"सूप पूर्ण झालेलं आहे," तो म्हणाला. रागावून नाही. एखाद्याला तारीख सांगावी तसं.

मी घातलं. पुढच्या वर्षी मला बोलावणं आलं नाही.

आणखी एक सवय होती, ती विटांची. कोणी विद्यार्थी थकलो म्हणाला, झोप झाली नाही म्हणाला, की ग्रोटहाउस खुर्ची ओढून बसायचा. "युद्ध संपलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो," तो सुरू करायचा. जर्मनीतलं त्यांचं गाव बॉम्बने भुईसपाट झालेलं. शाळेऐवजी मुलांना ढिगाऱ्यांवर नेत. हातोडीने विटांवरचा जुना चुना पाडायचा आणि चांगल्या विटा रचून ठेवायच्या. हिवाळ्यात हातमोज्यांशिवाय. "माझं आर्किटेक्चर तिथे सुरू झालं. तुझं कुठे सुरू झालं? गादीवर?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रडू आलं होतं. दुसऱ्यांदा गप्प बसले. पाचव्या वेळेपर्यंत कळलं होतं, की या विटा तो दुःख म्हणून सांगत नाही. त्या तो फेकून मारतो.

आमच्या वर्गात डेट्रॉइटचा मार्कस म्हणून एक मुलगा होता. एकदा विटा संपल्यावर त्याने हात वर केला. "प्रोफेसर, आणि तुमचे वडील? ते काय करायचे?"

"तेही आर्किटेक्ट होते."

"युद्धात काय बांधलं त्यांनी?"

मला वाटलं आता ग्रोटहाउस त्याला बाहेर काढणार. तो बराच वेळ फूटपट्टीची घडी उघडत-मिटत बसला. मग म्हणाला, "छावण्यांमधल्या बराकी. कोणासाठी ते विचारू नकोस, तुला माहीत आहे. पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मी आणि आईने त्याच्या प्रत्येक ड्रॉइंगचा कोपरा कापला. चुलीत घातला. वर्षभराने त्याला नगरपालिकेत नोकरी लागली. आणखी प्रश्न?"

त्या दिवशी आम्ही सगळे दबून घरी गेलो. कित्येक जण अजूनही तो प्रसंग गंभीर आवाजात सांगतात, जणू त्याने सगळं स्पष्ट होतं. माझ्या मते काहीच स्पष्ट होत नाही. नावं कापून गुन्हा लपतो, हे ज्याने बाराव्या वर्षी बघितलं, त्याने उलट प्रत्येक कागदावर प्रत्येकाचं नाव ठळक लिहायला लावायला हवं होतं. तो शिकला ते एवढंच, की ब्लेड आपल्या हातात असावं.

त्याच्या बाजूने सांगण्यासारखी एकच गोष्ट मी स्वतः बघितली आहे, ती सांगून टाकते. वाचनालयाचं काम चालू असताना एका म्हाताऱ्या गवंड्याला त्याने एक विटांची भिंत तीनदा पाडायला लावली. आठ मिलिमीटरचा फरक होता. चौथ्यांदा गवंड्याने थापी त्याच्यापुढे धरली. "तूच लाव की मग, हेर प्रोफेसर." 'हेर' म्हणजे जर्मनमध्ये साहेब. ग्रोटहाउसने कोट काढून माझ्या हातात दिला, गुडघ्यांवर बसला आणि अकरा विटा लावल्या. सदुसष्ट वर्षांचा होता. गवंड्याने लेव्हल ठेवून बघितली, तंबाखू थुंकला आणि म्हणाला, "पगार मागू नकोस म्हणजे झालं." मला हे लिहायला आवडत नाही, पण विटा एका ओळीत होत्या.

आता छपराकडे येते.

शिक्षण संपल्यावर त्याने मला ऑफिसात घेतलं. मी चांगली होते म्हणून नाही. "तू सेंटिमीटरमध्ये विचार करतेस," असं कारण दिलं. त्याची ड्रॉइंग इथल्या कंत्राटदारांसाठी फूट-इंचांत उतरवायचं काम माझ्याकडे होतं. माझा वर्क व्हिसा त्याच्या पत्रावर अवलंबून. ते पत्र एप्रिलमध्ये त्याच्या टेबलावर गेलं आणि तिथेच राहिलं. मी आठवड्याने आठवण केली. तो म्हणाला, "आधी कड." आणखी आठवड्याने केली. "आधी कड, मेश्राम."

कड म्हणजे छपराची बाहेरून दिसणारी पट्टी. त्याच्या लेखी इमारत म्हणजे ती पट्टी. कागदाच्या घडीसारखी पातळ दिसायला हवी. मधल्या मोठ्या हॉलवर ते जमलं होतं. बाजूला वाचायची लांबट खोली होती, बत्तीस फुटांची, तिथे जमत नव्हतं. सपाट म्हणतात त्या छपरालाही थोडा उतार लागतो, नाहीतर पाणी जाणार कुठे? तो उतार जितका जास्त तितकी एका टोकाला कड जाड. मी आठ प्रकारे काढून दाखवली. आठही वेळा तो म्हणाला, "टोपी घातल्यासारखी दिसते."

माझी वीस दिवसांची मुदत उरली होती. नंतर तिकीट काढून नागपूर.

पुढची गोष्ट मी गेली वीसेक वर्षं सांगत आले आहे. जवळच्या नोव्हाय गावातल्या मराठी घरांत जेवणं झाल्यावर माझा नवरा प्रशांत म्हणायचा, "ए, ती उताराची स्टोरी सांग ना." आणि मी सांगायची. की ग्रोटहाउसने कड पातळ करायला उतार निम्मा केला. की मी, पंचविशीतली पोरगी, व्हिसा टांगलेला, त्याच्यासमोर उभी राहून म्हटलं, "प्रोफेसर, हा उतार पुरणार नाही, इथे बर्फ पडतो." की तो म्हणाला, "तू काढ, मी विचार करतो." आणि बघा, दुसऱ्याच हिवाळ्यात खोली गळायला लागली. लोक मान डोलवायचे. आपल्या माणसांचं कोण ऐकतं यार, असं कोणीतरी म्हणायचं. मग कॉफी.

जानेवारीत मी त्या छपरावर चढले. मोठ्या हॉलवर लेव्हल लावली. शंभराला दोन उतार, म्हणजे शंभर सेंटिमीटरांत दोन. डांबर जुनं, पण तडा नाही. खाली छताला एक डाग नाही. चोवीस हिवाळे कोरडे. मग वाचायच्या खोलीवर गेले. शंभराला एक. मधोमध बर्फाचं तळं, खाली कुजलेलं छत. म्हणजे दोष सगळ्या डिझाइनमध्ये नव्हताच. एका खोलीच्या छपरात होता. हे मला तिथेच कळलं आणि थोडी निराशाच झाली. तरी म्हटलं, निम्मा उतार कोणी केला ते कागदावर दिसेलच. निदान तेवढं तरी त्याच्या नावावर लागेल.

गेल्या मंगळवारी वाचनालयाच्या तळघरात ते कागद सापडले. पसरट खण, त्यात मूळ ड्रॉइंग, पेन्सिलीची. वाचायच्या खोलीचा छेद, म्हणजे मधून उभी कापल्यासारखं ड्रॉइंग, वर आला. छपरावर ग्रोटहाउसच्या जाड पेन्सिलीने 'शंभराला २'. त्यावर बारीक, सरळ रेघ मारलेली. खोडलेली नाही, रेघ मारलेली, त्याच्या नियमाप्रमाणे. शेजारी निम्मा उतार फुटा-इंचांत लिहिलेला. अक्षर माझं. चारचा आकडा वरून उघडा, सातला मधे आडवी रेघ, बाबांनी घोटून घेतला होता तसा. समासात चार ओळी, इंग्रजीत: 'उतार निम्मा केला तर कड चार इंचांनी कमी होते. आमच्या शहरात सगळ्या गच्च्या शंभराला एक असतात. टिकतात.' खाली त्याची जाड पेन्सिल: 'शेवटी एकदाची अक्कल आली. ग्रो.'

मी खुर्चीवर बसले.

तेव्हाचं सगळं परत आलं, मी सांगायची त्या क्रमाने नाही, झालं त्या क्रमाने. ती कल्पना माझी होती. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बसमध्ये सुचली. नागपूरची आमची गच्ची आठवली. शंभराला एकच होती. पाऊस पडला की तासाभरात कोरडी. मी पळत ऑफिसात गेले. त्याने कागद बघितला, कड बघितली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा, एकदाच, मला चांगलं म्हटलं. त्याच दुपारी पत्रावर सही झाली.

नागपूरला पाऊस पडतो आणि वाहून जातो. मिशिगनात बर्फ पडतो आणि बसून राहतो. त्याच्या वजनाने आणि वयाने स्लॅब मधे बोटभर वाकते, आणि शंभराला एकचा उतार तिथेच संपतो. पाणी साचतं, गोठतं, फुगतं, डांबर फाडतं. आज हे मी कोणत्याही शिकाऊ इंजिनिअरला झोपेत सांगीन. तेव्हा मी इथे तीनच हिवाळे काढले होते आणि ते तिन्ही ड्रॉइंगबोर्डासमोर. बांधकाम मंजूर करणाऱ्या सरकारी तपासनिसाने हरकत घेतली नाही, कारण डांबराच्या थरांना तेव्हा तेवढा उतार चालत असे. 'हा उतार पुरणार नाही' हे वाक्य मी त्याच्यासमोर कधी बोललेच नव्हते. ते केव्हा तयार झालं, मला माहीत नाही. बहुतेक पहिली गळती ऐकली तेव्हा.

त्याच खणात पत्रव्यवहाराची फाइल होती. बारा वर्षांपूर्वी वाचनालयाने त्याला लिहिलं होतं, की छपरावाला म्हणतो, वाचायच्या खोलीचा उतार मूळ आकड्यापेक्षा निम्मा केलेला आहे. हा बदल कोणी केला? ग्रोटहाउसचं उत्तर एका ओळीचं. 'ते ड्रॉइंग माझं आहे. ड्रेन साफ ठेवा.'

मी ते पत्र बऱ्याच वेळा वाचलं आहे. त्याने मला वाचवलं, असं त्याच्या कुठल्याही भक्ताला वाटेल. मला नाही वाटत. औदार्य असतं तर त्याने मला फोन केला असता, की मेश्राम, आपण चुकलो, पुढे कुठे असा उतार देऊ नकोस. हे औदार्य नव्हे, मालकी आहे. श्रेय वाटून द्यायचं नाही, तसा दोषही वाटून द्यायचा नाही. त्याच्या कागदावर माझी चूकसुद्धा माझी नव्हती.

आज सकाळी प्रशांतला सगळं सांगितलं. तो पोहे करत होता.

"मग तुझं नाव कुठेच नाहीये ना त्याच्यावर?"

"नाही. कोपऱ्यात फक्त 'ग्रो' आहे."

"आणि तो गेला. मग कोणाला कळणार?"

"मला कळलंय की."

"अगं, तू लिही ना, ग्रोटहाउसच्या ऑफिसात उतार कमी केला. खोटं कुठे आहे त्यात? ऑफिस त्याचंच होतं."

"आणि खाली स्वतंत्र तपासनीस म्हणून माझी सही?"

त्याने गॅस बारीक केला. "लायसन्सला प्रॉब्लेम येईल का?"

"येईल किंवा नाही येणार. डोनाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. त्याचं उत्तर द्यावं लागेल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर मी सातव्या पानावर 'मूळ डिझाइन सदोष' असं लिहू शकते. कोणी फेरतपासणी करणार नाही. मे महिन्यात बुलडोझर येईल आणि कागदही जातील."

त्याने पोहे हलवले. मग म्हणाला, "पार्टीत ती स्टोरी मीच सांगायला लावायचो यार." आणि पोह्यांवर झाकण ठेवलं.

ग्रोटहाउसला मी शेवटचं बघितलं त्याला दीड वर्ष झालं. ॲन आर्बरच्या एका वृद्धाश्रमात. त्याच्या माजी विद्यार्थ्यांनी भेटीचे वार वाटून घेतले होते आणि यादीत कोणीतरी माझंही नाव घातलं. पाळी आली म्हणून गेले. तो खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होता, गुडघ्यांवर करडी शाल. फूटपट्टी नर्सने काढून घेतली होती. तिने सांगितलं, ते जेवणाच्या ट्रे मोजायचे आणि चुकीच्या निघाल्या की परत पाठवायचे. त्याने मला ओळखलं की नाही, कळलं नाही. दहा मिनिटं आम्ही पार्किंगमधल्या गाड्या बघितल्या.

मग तो म्हणाला, "गळतंय का?"

"काय?"

"वाचनालय."

"हो."

"कुठे?"

"वाचायच्या खोलीत." मी जरा समाधानानेच सांगितलं.

त्याने मान हलवली. "साहजिक आहे. तुला फार घाई होती, मेश्राम."

मला वाटलं, म्हातारा भरकटला. मी घड्याळाकडे बघितलं, कोट घातला. मंगळवारी तळघरात त्या खुर्चीवर बसल्यावर कळलं, की तो भरकटला नव्हता. बारा वर्षांपूर्वी ते उत्तर लिहितानाही त्याला नीट आठवत होतं. घाई मला कोणी लावली होती, हेही त्याला आठवत असणार. ते तो बोलला नाही. मी निघाले तेव्हा नर्स पुडिंगची वाटी घेऊन आली होती. तो ती वाटी टेबलाच्या कडेला समांतर सरकवत होता. गोल वाटी. ती कुठूनही समांतर होत नाही. दाराच्या काचेतून मी बघितलं, तर तो अजून सरकवतच होता. नर्स हातात चमचा घेऊन शेजारी उभी.

माझी चूक सापडली म्हणून तो चांगला ठरत नाही. कोणी मला तसं सुचवू नये. व्हिसाचं पत्र तीन आठवडे टेबलावर ठेवणारा माणूस तोच आणि शंभराला दोन हा बरोबर आकडा लिहिणाराही तोच. बरोबर आकडा होता, तर त्याने माझा बदल नाकारायला हवा होता. त्याला हिवाळे माहीत होते. पातळ कड दिसली आणि त्याने डोळे मिटले. मी सहीसाठी मिटले, त्याने सौंदर्यासाठी. पाण्याला त्यातला फरक कळत नाही.

दुपारी दोन वाजता मी सातवं पान लिहिलं. एकोणीस ओळी. मूळ डिझाइनचा उतार योग्य, मोठा हॉल त्याचा पुरावा. वाचायच्या खोलीचा उतार निम्मा केल्याने गळती. बदल सुचवणारी आणि काढणारी मी, मंजूर करणारा ग्रोटहाउस. उपाय: खराब थर काढून उतरते इन्सुलेशन बोर्ड बसवणं, शंभराला दोन उतार, कड चार इंच वाढवणं, एका उन्हाळ्याचं काम. शेवटी लिहिलं, की या कारणाने मी स्वतंत्र तपासनीस राहू शकत नाही, मोजमापं दुसऱ्याकडून पडताळून घ्यावीत, आणि हे आधी सांगितलं नाही ही माझी चूक. समासातल्या चार ओळींचा फोटो जोडला. सोमवारची वाट न बघता डोनाला पाठवून दिलं. मग भांडी घासली.

रविवारी सकाळी आठ वाजता डोनाचा फोन आला.

"मी दोनदा वाचलं," ती म्हणाली. "म्हणजे ती वाचते?"

"कोण?"

"इमारत, दुसरं कोण!"

"वाचते. कड जाड होईल. त्याला अजिबात आवडलं नसतं."

"आणि तुझं काय करायचं, ते मला समितीला विचारावं लागेल. मी तुझी बाजू घेईनच असं नाही."

"घेऊ नकोस. आज दुपारी तापमान वर जाणार आहे. छपरावरचं पाणी सुटेल आणि ड्रेनवर बर्फ बसलाय. चावी घेऊन ये."

नऊ वाजता मी तिथे पोचले. डोना पायजम्यावर कोट घालून आली होती. शिडी बर्फात नीट टेकत नव्हती.

"तुझा राग करू की त्याचा?" तिने खालून विचारलं.

"आधी शिडी धर."

वर वाचायच्या खोलीवर गुडघाभर बर्फ होता. फावड्याने ड्रेनपर्यंत वाट काढली. तिथे बर्फाचा थर काचेसारखा झाला होता. सब्बल मारली तर डांबर फाटेल, म्हणून थर्मासमधलं गरम पाणी ओतत आणि लाकडी दांड्याने टोचत पाऊण तास बसले. हातमोजे भिजले ते काढून टाकले. जाळी मोकळी झाली, पाण्याने एकदा वळसा घेतला आणि ते खाली जायला लागलं. सगळं नाही. मधलं तळं तसंच राहणार, उतार बदलेपर्यंत. जेवढं येत होतं तेवढं मी फावड्याने ड्रेनकडे ढकलत राहिले.